चाळीस सेकंदांचे आजोबा

गणपतराव चौगुले सरांना इंग्रजी येत नाही असं म्हणणारं माणूस उचगावात अजून जन्मलं नव्हतं. ते शेवटी मेलबर्नमध्ये जन्मलं, आणि तेही सरांच्याच मुलाच्या घरी.

सात वर्षांची नात, तेजस्वी. दर रविवारी दुपारी एक वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे संध्याकाळ, इकडे चुलीवर मटण. (चूल म्हणजे गॅसच, पण रविवारच्या मटणाला गॅसवरचं म्हटलं की सरांच्या पत्नीला, बाळाबाईंना, राग यायचा.) साडेबारालाच सर इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याने केस बसवून फोनसमोर बसायचे. एक वाजता पडद्यावर नातीचा चेहरा उजळायचा आणि सर सुरू व्हायचे, "गुड आफ्टरनून, तेजस्वी. आय होप धिस कॉल फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ."

"आय ॲम फाइन, थँक यू, ग्रँडपा. हाउ आर यू?"

"आय ॲम ऑल्सो फाइन. हाउ इज युवर स्टडी प्रोग्रेसिंग?"

"गुड."

मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायचे. पोरगी नाक खाजवायची. सर पुढचं वाक्य मनात तपासायचे, क्रियापदाला काळ लावायचे, आणि वाक्य तयार होईपर्यंत तिकडून "बाय, ग्रँडपा" झालेलं असायचं. चाळीस सेकंद. सरांनी लागोपाठ चार रविवार घड्याळ लावून मोजलं होतं. एकदा बेचाळीस झाले होते, पण त्यात दोन सेकंद पोरगी शिंकली होती.

त्यानंतर बाळाबाई फोन उचलून स्वयंपाकघरात न्यायच्या, रस्सा दाखवायला म्हणून, आणि दार लोटून घ्यायच्या. आणि मग जे काही हसणं-खिदळणं सुरू व्हायचं, ते वीस-वीस मिनिटं! बाळाबाईंना इंग्रजीतलं ए येत नव्हतं. सर बाहेर व्हरांड्यात पेपर उघडून बसायचे आणि मनाशी म्हणायचे, चाललंय हातवाऱ्यांवर. पळी दाखवायची, मांजर दाखवायचं, तोंडं वेडीवाकडी करायची. लहान मूल आहे, हसणारच. यात भाषा कुठं आली? पण पेपरचं पान काही उलटलं जायचं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मात्र कहर झाला. "बाय, ग्रँडपा" झालं, पण कॉल बंद व्हायच्या आतच पोरगी बाजूला वळली. आणि सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. नात बापाला म्हणाली, "डॅडी, ग्रँडपा टॉक्स लाइक द एअरपोर्ट."

विमानतळावर सूचना देणारी ती बाई असते ना, तसं. आणि धैर्यशील हसला. सरांचा मुलगा, पोटचा पोरगा, खदाखदा हसला. नातीचं सरांना काही वाटलं नाही हो. पण धैर्यशीलचं हसणं त्यांनी आठवीनंतर ऐकलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. चौगुले सरांच्या घराला एक नियम होता आणि त्या नियमाचा सरांना फार अभिमान होता. सरांच्या देखत मुलाने मराठीत बोलायचं नाही. जेवायला बसल्यावर तर मुळीच नाही. रविवारी पांढरा रस्सा पुन्हा हवा असेल तर धैर्यशीलने ताठ बसून म्हणायचं, "कुड आय हॅव सम मोर व्हाइट ग्रेव्ही, प्लीज?" प्लीज राहिलं तर वाटी परत. 'कुड'च्या जागी 'कॅन' आलं तरी वाटी परत. बाळाबाई पातेलं घेऊन उभ्या, पोरगं वाटी धरून बसलेलं, आणि मधे सर तांबड्या रश्श्यात भाकरी चुरत व्याकरण तपासतायत. पुढेपुढे पोरगं दुसऱ्यांदा मागेनासंच झालं. सर मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत सांगायचे, "बघा, हावरटपणाही गेला." पोरगं इंजिनिअर झालं, मेलबर्नला गेलं, हुपरीच्या चांदीवाल्यांची शिवांजली बायको करून घेऊन गेलं. तेजस्वी जन्मली त्या आठवड्यात सरांनी अकरा मुद्द्यांची ईमेल पाठवली होती. मुद्दा पहिला, घरात पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी. मुद्दा दुसरा, आईकडचं हुपरी वळण पोरीच्या जिभेला लागता कामा नये. धैर्यशीलने उत्तर पाठवलं होतं, "येस, बाबा."

एवढं सगळं करून सवरून आपण एअरपोर्ट! सर तीन दिवस जेवले नाहीत नीट.

बातमी गल्लीत गेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले रुद्रय्या म्हणजे गल्लीचे बिनपगारी सल्लागार. मराठी, कन्नड, हिंदी सगळ्यांचं एकच कालवण करून बोलायचे आणि गिऱ्हाईक कुठलंही असो, दुकानातून हसत जायचं. त्यांनी सरांना खुर्ची दिली.

"सर, राग मानू नका. तुमचं इंग्लिश लई कडक हाय. पोरीला काय अर्ज लिवायचाय व्हय? जरा मऊ करा की. ही आजकालची पोरं बगा, हाय म्हणत्यात, व्हॉट्स अप म्हणत्यात, डोळा मारत्यात, झालं मैतर! माझ्याकडं त्यो चिप्सवाला यतोय, त्याला धड नाव लिवता येत न्हाय, पर इन्स्टावर ब्राझीलच्या बाईशी बोलतोय."

"ते इंग्रजी नव्हे, रुद्रय्या. ती इंग्रजीची विटंबना आहे."

"असंल की. पर चाळीस सेकंदाच्या वर तर जातंय."

हे सरांना लागलं. घरी येऊन त्यांनी बाळाबाईंना विचारलं नाही, पण बाळाबाईंनी पोळी लाटता लाटता आपणहून सांगितलं, "आवो, तुम्ही नुसतं जेवलीस का म्हणून इचारा की तिला."

"इंग्रजीत जेवलीस का असं विचारत नाहीत. तो असंस्कृतपणा समजतात."

"आवो, पर ती पोरगी—"

"बाळाबाई, हा भाषेचा विषय आहे. तू मध्ये बोलू नको."

बाळाबाईंनी पोळी उलटली. अडतीस वर्षांच्या संसारात त्या वाक्यानंतर गप्प बसायची त्यांना सवय झाली होती.

तर सर क्लास शोधायला निघाले. शहरात, राजारामपुरीत, एका दुसऱ्या मजल्यावर पाटी होती: 'सम्राट सरांचा बोलता इंग्रजी क्लास.' आणि खाली लाल अक्षरात, खूण करून: 'येथे व्याकरण शिकवले जात नाही.' सर पाटीखाली दोन मिनिटं उभे राहिले. दारूच्या गुत्त्यात शिरताना माणूस मागेपुढे बघतो तसं बघितलं आणि जिना चढले.

वर गेल्यावर कळलं की सम्राट म्हणजे तोच. दहावीला इंग्रजीत तीनदा गचकलेला सम्राट. ज्याच्या पेपरवर सरांनी एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'हा विद्यार्थी इंग्रजीच्या वाटेला न गेल्यास दोघांचेही भले होईल.' मधल्या काळात तो जहाजावर वेटर म्हणून सात वर्षं जग फिरला होता आणि आता त्याच्याकडे दीडशे पोरं शिकत होती. त्याने सरांना बघितलं, धावत आला, सगळ्या वर्गासमोर वाकून पाया पडला आणि म्हणाला, "सर! माझ्या क्लासच्या उद्घाटनाला बोलवणार हुतो तुम्हाला, पर धाडस झालं न्हाय."

"मी उद्घाटनाला आलो नाही," सर म्हणाले. "मी प्रवेशाला आलोय."

सम्राट पाया पडला होता तो पडलेलाच राहिला.

प्रवेश काही सुखासुखी मिळाला नाही. टेबलावरच्या मुलीने कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला आणि 'पालकाची सही' या रकान्यापाशी तो अडला. सर म्हणाले, माझं वय त्रेसष्ट आहे. ती म्हणाली, "असू दे की, पर सॉफ्टवेअर फुडं जात न्हाय." सरांचे आईवडील जाऊन वीस वर्षं झाली होती. शेवटी बाळाबाईंना रिक्षाने बोलावून घेतलं. नातं या रकान्यात आई, वडील, मामा आणि इतर एवढेच पर्याय होते. बाळाबाई 'इतर' झाल्या. "पाल्य क्लास बुडवल्यास पालकांना मेसेज जाईल," या अटीखाली त्यांनी सही केली आणि त्या दिवसापासून मेसेज जायलाही लागले.

सकाळची नोकरीवाल्यांची बॅच भरलेली होती. उरली संध्याकाळची. तिचं नाव 'मैत्री आणि गोड बोलणं.' त्यात हुपरीची चार पोरं होती, दिवसभर चांदीचे पैंजण घडवायची आणि इन्स्टावर परदेशी मुलींशी बोलायला शिकायची. एक रक्षिता होती, हॉटेलात रिसेप्शनला लागलेली. आणि मागच्या बाकावर, कारण पुढचे भरले होते, गणपतराव चौगुले, एम. ए., बी. एड.

सम्राटने सगळ्यांना दोनशे वाक्यांची झेरॉक्स वाटली. सरांनी सवयीने खिशातून लाल पेन काढलं. 'व्हॉट्स अप?' शेजारी लिहिलं, 'काय वर? कोण वर?' 'लाँग टाइम नो सी.' शेजारी लिहिलं, 'कर्ता फरार.' 'गॉना', 'वॉना' (म्हणजे गोइंग टू, वाँट टू) यांच्याभोवती तर त्यांनी गोल करून शून्य गुण दिले. पहिल्या आठवड्यात पहिलं पान रक्तबंबाळ झालं. सम्राट मागे येऊन उभा राहिला, पानाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "सर, पेन माझ्याजवळ ठेवा. सुटताना देतो." सरांनी पोरांच्या गोट्या, चिंचा, मोबाइल असं सगळं बत्तीस वर्षं जप्त केलं होतं. पेन देताना त्यांनी टोपण दोनदा तपासून लावलं.

रोजचा गृहपाठ होता. तीन वाक्यं जिवंत माणसावर वापरायची आणि काय घडलं ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. गृहपाठ न करणं सरांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी बाळाबाईंवर सुरुवात केली. बाळाबाई लसूण सोलत होत्या. सर समोर उभे राहिले, झेरॉक्स पाठीमागे धरली आणि म्हणाले, "आर यू फ्री टुनाइट?"

"काय म्हणालासा?"

सरांनी अर्थ सांगितला.

"का? कोण यायचं हाय जेवायला?" बाळाबाई म्हणाल्या. "आधी सांगायचं तर, लसूण जादा सोलला असता."

तेवढ्यात, क्लासला सुट्टी असूनही, पाल्य आज गैरहजर असल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला. सर समोरच उभे होते.

पाचव्या धड्यात गडबड झाली. धडा होता थट्टेचा. थट्टा केल्यावर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'जस्ट किडिंग' म्हणायचं आणि डावा डोळा बारीक करायचा. सम्राट म्हणाला, डोळा महत्त्वाचा, डोळ्याशिवाय किडिंग कळत न्हाय. सरांना एक डोळा एकट्याने मिटताच येईना. दोन्ही मिटायचे, तोंडही उघडायचं. पण सोडतील ते चौगुले सर कसले? दहा दिवस आरशासमोर उभं राहून त्यांनी डावा डोळा तयार केला. इतका तयार केला की तो सांगितलेला ऐकेनासा झाला.

अशातच नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. पूर्वी सही पुरायची. आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून डोळ्यांची उघडझाप करावी लागते, मग सरकारची खात्री पटते. बँकेत रांग लागली होती. टेबलामागच्या मॅडमनी फोन सरांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "सर, डोळे मिटा, उघडा."

सरांनी मॅडमकडे बघून डावा डोळा मारला आणि, दहा दिवसांची सवय, म्हणाले, "जस्ट किडिंग."

रांगेतले अठरा पेन्शनर एका वेळी खोकले. फोनवर आलं, 'प्रयत्न अयशस्वी.' मॅडमनी दुसऱ्यांदा फोन धरला. सर घाबरले, घाबरल्यावर डावा डोळा आणखी फडफडला. मॅडमनी फोन ठेवला आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. वाईट म्हणजे ती मॅडम सरांचीच विद्यार्थिनी होती, चांगली पहिल्या बाकावरची. जाताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि सरांना तीच सहन झाली नाही.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी तो इंग्रजीत, दोन पानी, समासासह लिहून दिला. त्यातल्या एका वाक्याचा मराठी मथितार्थ असा की सदर डावा डोळा निव्वळ शैक्षणिक कारणास्तव मिटला गेला असून त्यामागे अर्जदाराचा कोणताही वैयक्तिक हेतू नव्हता. साहेब म्हणाले, शैक्षणिक असेल तर संस्थेचं पत्र आणा. सम्राटने लेटरहेडवर पत्र दिलं: 'श्री. चौगुले हे आमच्या संस्थेत गोड बोलणे भाग दोन शिकत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.' हे पत्र बँकेत तीन टेबलांवरून फिरलं, प्रत्येक टेबलाने त्याचा फोटो काढून घेतला, आणि दोन दिवसांत ते सरांच्या मुख्याध्यापक संघाच्या ग्रुपवर आलं. तिथे एकाने फक्त 'भाग एक कधी झाला?' एवढंच विचारलं. पेन्शन अडली. सरकारदरबारी सर दोन महिने जिवंत नव्हते.

"सर," रुद्रय्या म्हणाले, "बँकेत डोळा मारलासा म्हणं?"

"रुद्रय्या, तुम्हीच सांगितलं होतंत मऊ व्हा म्हणून."

"अय्यो, मी पोरीसंगट म्हणालतो. सरकारसंगट न्हवं!"

सर घरी आले आणि दार लावून बसले. बाळाबाईंनी चहा आणून ठेवला. "सोडा की त्यो क्लास," त्या म्हणाल्या. "कशापायी हे सोंग?"

"मला तिच्याशी पाच मिनिटं बोलायचंय, बाळाबाई," सर म्हणाले. "फक्त पाच. एकदा तरी तिने बाय म्हणायच्या आधी विचार करावा." बाळाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सरांनी हात वर केला. बाळाबाई कप उचलून गेल्या.

जानेवारीत परीक्षा झाली. पाच मिनिटं गप्पा मारायच्या, जोडीदार रक्षिता. सम्राटने आधी बजावलं होतं, "सर, आपण बोलायचं न्हाय, ऐकायचं. ती काय म्हणती त्यातलंच एक धरून फुडचं इचारायचं. एवढंच हाय बगा सगळं." रक्षिता आपल्या आजीबद्दल सांगू लागली. नृसिंहवाडीला आजी तिला खांद्यावर घेऊन घाट उतरायची, गेल्या वर्षी वारली. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "शी डोन्ट रिमेम्बर मी इन लास्ट डेज."

"डझन्ट," सर म्हणाले. "किंबहुना, डिड नॉट."

रक्षिताने तोंड मिटलं ते मिटलंच. उरलेली साडेतीन मिनिटं पंख्याचा आवाज ऐकण्यात गेली. सर दोन गुणांनी नापास झाले, आणि सम्राटने ते दोन गुण ग्रेस म्हणून दिले. प्रमाणपत्र देताना तो परत वाकून पाया पडला. सरांनी आयुष्यात कुणाला ग्रेस दिली नव्हती. सम्राटला तर तीनदा दोन-दोन गुणच कमी पडले होते, हे दोघांनाही पक्कं आठवत होतं.

आणि तो रविवार आला. सरांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, साधा घातला. फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवली. एक वाजला.

"हे, किडो!" सर म्हणाले. "व्हॉट्स अप?"

तेजस्वीचे डोळे मोठे झाले. मग ती हसली. खरंच हसली, पुढचे दोन दात पडलेले दिसले. "ग्रँडपा! यू साउंड फनी!"

"जस्ट किडिंग," सर म्हणाले आणि डावा डोळा मारला. डोळा बरोबर बसला. पोरगी खुर्चीवरून पडायची राहिली.

मग ती बोलायला लागली. दात कसा पडला, शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, शेजारच्यांचा कुत्रा. सरांना निम्मं कळत नव्हतं, पण ते सम्राटचं वाक्य घोकत होते, तिच्यातलंच एक धर, पुढचं विचार. "नो वे!" म्हणाले. "अँड देन?" म्हणाले. दारात बाळाबाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक बोट दाखवलं, मग दोन, मग तीन. चार बोटं झाली तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"व्हॉट्स फॉर डिनर, किडो?"

"व्हाइट सूप! मी अँड डॅडी मेड इट!"

"डॅडी अँड आय," सर म्हणाले.

अहो, तोंडातून गेलंच ते. त्यांनी थांबवायचा विचार करायच्या आत गेलं. पोरीचं हसू जागच्या जागी थांबलं. ती ताठ बसली. "डॅडी अँड आय," तिने म्हणून दाखवलं. आणि पलीकडून, कॉल संपला असं समजून, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या धैर्यशीलचा आवाज आला, "तेजू, चल गं. रस्सा गार व्हायलाय."

"आले बाबा! जरा थांबा की!" तेजस्वी ओरडली आणि फोन टेबलावर टाकून पळाली.

सरांच्या समोर मेलबर्नचं छत होतं. पांढरं, स्वच्छ, मधे एक दिवा. आणि छताखालून आवाज येत होते.

"आज लई वेळ बोललीस गं आजोबांशी," सुनेचा आवाज.

"व्हय. आज गंमत करत हुते. मग परत तसलेच झाले."

"मराठी न्हाय न्हवं बोललीस?" हा धैर्यशील, हसत.

"न्हाय! एक शब्द बी न्हाय. आता मला रस्सा दे की. दोन वाट्या."

"घे बाई. तू पास."

मग भांड्यांचा आवाज आला आणि तिघंही हसली. धैर्यशीलसुद्धा. सर छताकडे बघत बसले. कॉल आपणहून बंद झाला तरी बघत बसले.

मग त्यांनी दाराकडे वळून बाळाबाईंना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माझ्यासंगट सात वर्सं काय चिनीत बोलती व्हय ती?" बाळाबाई म्हणाल्या. "धैर्यानं सांगितलंय तिला. आजोबांच्या म्होरं मराठी बोललं की रस्सा बंद. तुमचाच नेम हाय न्हवं? पोराला खेळ वाटतोय, पोरीला बी खेळच वाटतोय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगाय लागले की तुम्ही हात वर केलासा." त्यांनी घड्याळ खुंटीला अडकवलं. "धैर्या आठवीत असल्यापास्नं सांगाय बघते मी."

पुढच्या रविवारी सर चिठ्ठीशिवाय बसले. केसांना पाणी नाही, काही नाही. आठवडाभर त्यांनी एकच वाक्य घोकलं होतं.

"तेजू," ते म्हणाले, "जेवलीस का गं?"

तेजस्वीने बाजूला बघितलं, बापाकडे असावं. बापाने काय केलं ते दिसलं नाही. ती ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आय ॲम फाइन, थँक यू, ग्रँडपा. हाउ आर यू?"

"अगं मराठीत बोल की. मला चालतंय. खरंच चालतंय, बाळा. आजोबा न्हाय रागवायचे." त्यांच्या तोंडून 'न्हाय' गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पोरीने समोरची रश्श्याची वाटी हळूच आपल्याकडे ओढली आणि तिच्यावर तळहात झाकला. मग डावा डोळा बारीक केला. "यू आर जस्ट किडिंग, ग्रँडपा," ती म्हणाली. "बाय!"

बाळाबाईंनी फोन उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि दार लोटून घेतलं. सर आज व्हरांड्यात गेले नाहीत. दाराशी जाऊन उभे राहिले. आतून तेजस्वीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आजी, आजोबा आज मला फसवाय बघत हुते. मी न्हाय फसले."